कडेच्या ओळी

गव्हाच्या वाफ्याची कड खोटं बोलते, आणि आमचा डायरेक्टर केहायोव तिच्याहून जास्त. एवढं आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

दोब्रुजातल्या, म्हणजे काळ्या मातीच्या सपाट मुलखातल्या, आमच्या गहू संशोधन केंद्रात मी एकवीस वर्षं काढली. डिग्री नाही. शेतकी शाळेचा दाखला आणि एक चिमटा, एवढ्यावर. मे महिन्यात ओंबी पानाच्या पोटरीतून बाहेर आली की तिच्या एकेका फुलातले तीन-तीन केसर चिमट्यानं उपटायचे, वर कागदी टोपी चढवायची आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीच्या गव्हाचे पराग तिच्यावर झाडायचे. मान मोडते, डोळे जातात. पेपरात फोटो मात्र डायरेक्टरचा येतो, हातात ओंबी धरून हसताना. एकदा तर ओंबी उलटी धरली होती मेल्यानं. खोटं सांगत नाही, कात्रण ठेवलंय मी.

सहासष्टच्या मे महिन्यात मी केलेल्या एका संकराला अकरा दाणे लागले. ते पेरले. आलेल्यातले लोळणारे उपटले, तांबेरा लागलेले उपटले, थंडीनं जळालेले आपोआप गेले, उरलेल्यातल्या बऱ्या ओंब्या निवडून पुन्हा पेरल्या. दरवर्षी हेच. फेब्रुवारीत जमीन गोठलेली असते तेव्हा पहाटे हातानं खत फेकायचं, कारण ऊन वर आलं की चिखलात बूट राहतो आणि पाय बाहेर येतो. असं करत करत त्या अकरा दाण्यांतून सत्त्याहत्तर साली एक वाण उभा राहिला. नंबर चारशे अठरा. आखूड काडी, ताठ पानं, वारा सुटला तरी ढिम्म. माझं लग्न चार वर्षं टिकलं, हा अकरा वर्षं टिकला. माझा जीव त्याच्यावर का होता ते यावरून समजून घ्या.

त्या साली केंद्राची शेवटची चाचणी होती. पंधरा वाण. प्रत्येक वाणाचे चार वाफे, चार वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे जमिनीचं उन्नीस-बीस सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. पंधरातला पहिला येईल तो सरकारी चाचणीला जाणार, देशभर पेरला जाणार. बाकीच्यांची फाइल बंद आणि बियाणं कोंबड्यांना. केहायोवनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, "चारशे अठरा पहिला आला तर पैदासकारांच्या कागदावर तुझंही नाव लावू, सेवदा. शेवटून का होईना." शेवटून तर शेवटून! एकवीस वर्षांत माझं नाव फक्त हजेरीपटावर लागलं होतं.

पण त्या पंधरात केहायोवचा स्वतःचाही एक वाण होता. त्याला नंबर नव्हता, नाव होतं: पोबेदा. पोबेदा म्हणजे विजय. चाचणी व्हायची होती, कापणी व्हायची होती, आणि याच्या विजयाचं बारसं उरकून झालेलं. बाजारात तुरी म्हणतात, त्यातला प्रकार.

आता कडेचं सांगते. वाफा दीड मीटर रुंद, दहा मीटर लांब, आणि दोन वाफ्यांच्या मधे पायवाट. वाटेच्या बाजूच्या ओळीला ऊन जास्त, ओल जास्त, मुळांना हातपाय पसरायला जागा. त्यामुळे कडेची ओळ आतल्यापेक्षा दीडपट पिकते. म्हणून कापणीच्या आधी प्रत्येक वाफ्याची दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि टोकाचा अर्धा मीटर विळ्यानं कापून बाजूला टाकायचा आणि आतलंच तेवढं वजनाला धरायचं. आम्ही सगळे हे डोळे मिटून करत आलेलो. आणि पोबेदा हा पसरट गडी. बाजूला मोकळं दिसलं की एकेका रोपाला सहा-सहा फुटवे काढणार. माझा चारशे अठरा ताठ. शेजारी वाट असो नाहीतर भिंत, हा आपल्या जागेवर उभा. म्हणजे कडा ठेवल्या की फुगणार कोण, हे आमच्या केंद्रातल्या मांजरालाही कळत होतं.

कापणीच्या आदल्या संध्याकाळी केहायोवनं आम्हाला गोदामात बोलावलं.

"उद्या दहाला कापणी," तो म्हणाला. "वादळाचा अंदाज आहे, माणसं कमी आहेत. त्यामुळे यंदा कडा कापायच्या नाहीत. सगळ्यांच्याच राहतील, म्हणजे सगळ्यांना सारखाच न्याय."

सारखा न्याय! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू.

"कॉम्रेड केहायोव," मी म्हटलं, "सहकारी शेतात हजार हजार डेकारचा एकेक तुकडा असतो. त्यात दर दीड मीटरला वाट असते का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं कड नसते. आतलंच असतं सगळं. लोकांना आतलं पिकवायचंय, तर आपण आतलंच मोजायला नको?"

"सेवदा, तू चिमट्याची बाई. चिमट्यापुरतं बघ."

"बरं. मग तुम्ही पेनापुरतं बघा. कडा कापू नयेत असं लेखी द्या, खाली सही करा. नियमांच्या पुस्तकात कापा म्हणून छापलंय. मला बाकी काही येत नसेल, वाचता येतं."

त्याचे कान लाल झाले. तो उगाच हसला, "उद्या दहाला," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. लेखी काही दिलं नाही. द्यायची हिंमत नव्हती, कारण ते पुस्तक राजधानीतल्या साहेबांच्या सहीचं होतं.

मी बाहेर आले. पायरीवर रुसा मावशी आणि झेचका बसल्या होत्या. रुसा मावशी सदुसष्ट वर्षांची, पेन्शनीत निघालेली, पण हंगामाला घरी बसवत नाही म्हणून येणारी. झेचका चोवीसची, प्रयोगशाळेत दाणे मोजणारी, जिभेला हाड नसलेली.

"काय ठरलं?" झेचकानं विचारलं.

"तो दहाला येणार. मी उजाडताच येणार. ज्याला नोकरी प्यारी असेल त्यानं घरी झोपावं."

"मला काय काढतायत कामावरून," रुसा मावशी म्हणाली. "मला आता फक्त देवच काढू शकतो. विळे घासलेत का?"

जुलैत आमच्याकडे साडेचारला फटफटतं. दवानं घोट्यापर्यंत भिजत आम्ही तिघी शेतात उतरलो. रुसा मावशीनं डाव्या हातात लाकडी पंजा चढवला होता. तिच्या आईचा. तीन बोटं आत घालायची, पुढच्या वाकड्या टोकानं मूठभर जास्त काड्या ओढून घ्यायच्या, बोटंही वाचतात. यंत्रं आल्यापासून हे पंजे भिंतीवर गेले होते. तिनं तो खिळ्यावरून काढला, धूळ पुसली आणि असा काही चालवला की झेचका आणि मी दोघी मिळून तिच्या मागे पडलो.

"मावशे, जरा दमानं!" झेचका ओरडली. "आमची इज्जत घालवतेस."

"इज्जत ठेवायची तर कंबर वाकव. उभ्यानं काय गहू कापतेस, फुलं तोडायला आलीस का?"

साठ वाफे. एकशेवीस कडा. पहिला पट्टा संपला तेव्हा सूर्य वर आला होता आणि माझ्या कमरेचे दोन तुकडे झाले होते. झेचकानं घाम पुसला आणि हळूच म्हणाली, "सेवदाताई, एक डोकं लढवू का? फक्त पोबेदाच्याच कडा कापू. आपल्या चारशे अठराच्या राहू दे. कोण बघतंय?"

"मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? शिंगं?"

"बरं बाई, नाही बोलले." ती पुढच्या वाफ्याशी गेली आणि पुन्हा थांबली. "आणि हा तीनशे सहा? याच्यासाठी तरी कशाला कंबर मोडायची? याचा बाप तर गेला द्राक्षांत."

तीनशे सहा हा त्सेनोवचा वाण. त्सेनोव केहायोवशी भांडला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याची बदली समुद्राकाठच्या द्राक्षमळ्यांवर झाली होती. गव्हाचा माणूस, वेली छाटत बसलेला. त्याचा वाण चाचणीत राहिला होता, पण त्याच्या बाजूनं बोलायला केंद्रात कुत्रं नव्हतं.

"बाप नसला म्हणून पोराचं माप चुकवायचं?" मी म्हटलं. "काप."

नऊला शेवटची कड पडली. आम्ही बांधावर बसून पावाचे जाडे तुकडे, पांढरं चीज आणि टोमॅटो खाल्ले. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. भीतीनं नव्हे, सवयीनं. बरं, थोडं भीतीनंही.

दहाला गांचो आपलं छोटं कापणीयंत्र घेऊन आला आणि त्याच्या मागून केहायोव, पांढऱ्या शर्टात. वाफ्यांच्या कडेनं कापलेल्या गव्हाचे ढीग बघून तो आधी थबकला. मग त्याचा आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"हे काय आहे?"

"कडा," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं कापायला?"

"पुस्तकानं."

"मी काल काय म्हणालो होतो?"

"तुम्ही म्हणालात. लिहिलं नाहीत."

"तुला घरी बसवीन मी, सेवदा! समजतेस कोण स्वतःला?"

"बसवा. घरी माझी बाग आहे, तिच्याही कडा कापीन."

झेचका फिस्सकन हसली आणि लगेच खोकली. केहायोव तिच्याकडे वळला, तेवढ्यात रुसा मावशीनं लाकडी पंजा घातलेला हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "पोरा, ओरडू नकोस, घसा बसेल. मी तुझ्या आईबरोबर याच रानात कापणी केलीय. ती पण आधी कडाच कापायची." त्याच्या आईनं कडा कापल्या होत्या की नाही देव जाणे, पण तो एक पाऊल मागे सरला.

"कॉम्रेड," गांचो यंत्रावरून म्हणाला, "ढग येतायत. सुरू करू की तुमचं चालू द्या?"

पाचला राजधानीची मोटार निकालाची वही न्यायला येणार होती. कापलेल्या ओळी काही परत चिकटवता येत नाहीत. केहायोवनं हात झटकला. गांचोनं यंत्र सुरू केलं.

एकेक वाफा कापला, पोत्यात भरला, काट्यावर चढवला. मी आकडे लिहीत होते आणि डोक्यात बेरजा आपोआप होत होत्या. पहिल्या पट्ट्यात चारशे अठरा सगळ्यांच्या वर. दुसऱ्यात वर. माझे आकडे आपोआप मोठे यायला लागले. तिसऱ्या पट्ट्यात पोत्याचा काटा खाली आला. चौथ्यात पुन्हा वर. दुपारी तीनला कचेरीत बसून मी दर डेकारच्या, म्हणजे साधारण पाव एकराच्या, सरासऱ्या काढल्या, दोनदा तपासल्या, तिसऱ्यांदा तपासल्या.

तीनशे सहा: पाचशे सत्त्याऐंशी किलो. चारशे अठरा: पाचशे एक्क्याऐंशी. पोबेदा सहावा, पाचशे अठ्ठेचाळीस.

सहा किलो. अकरा वर्षं आणि सहा किलो! मी त्या आकड्याकडे बघत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का, असं मनात आलं. कडा कापल्या मी, कंबर मोडली मी, नोकरी पणाला लावली मी, आणि जिंकला कोण? द्राक्षमळ्यातल्या माणसाचा बेवारस गहू. मला राग आला. कोणाचा ते ठरवता येईना, म्हणून जास्त आला.

केहायोव आत आला, माझ्या खांद्यावरून वही वाचली आणि समोरच्या खुर्चीत बसला. खिडकी उघडी होती, बाहेर पायरीवर रुसा मावशी, झेचका आणि गांचो कलिंगड फोडत होते. त्यानं आवाज खाली आणला. आणि मला प्रथमच "सेवदाताई" म्हणाला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"तिसऱ्या पट्ट्यातला तुझा वाफा बघ. पाचशे बेचाळीस. बाकीचे तिन्ही किती वर आहेत. तिथं उंदीर लागले होते, नाही का?"

मी तो आकडा परत वाचला.

"उंदीर लागले असतील तर तो वाफा धरायचा नाही. हेही पुस्तकातच आहे. उरलेल्या तिघांची सरासरी काढ."

काढायची गरज नव्हती, मला माहीत होतं. पाचशे चौऱ्याण्णव. चारशे अठरा पहिला.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"माझं काही नाही. तू फक्त एक ओळ लिही, की कडा कापताना पोबेदाच्या आतल्या ओळीही चुकून विळ्याखाली गेल्या. म्हणजे त्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी. सकाळचं मी विसरलो. कागदावर तुझं नाव येईल. शेवटून नाही, माझ्यानंतर लगेच."

"आणि त्सेनोव?"

"त्सेनोवला काय पडलंय? तो तिकडे द्राक्षं खातोय. त्याला कळणारसुद्धा नाही."

उगाच मोठेपणा कशाला मिरवू, मला मोह झाला. पेन हातात होतं, "उंदीर" हा शब्द लिहायला किती वेळ लागतो? माझं नाव छापलेलं मला दिसत होतं. शेतकी शाळेतल्या बाईंना नेऊन दाखवीन, आणि ज्यानं चार वर्षांत मला सोडलं त्यालाही पोस्टानं पाठवीन, इथपर्यंत माझी मजल गेली.

पण तिसऱ्या पट्ट्यात उंदीर नव्हते. काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, कारण मार्चमध्ये मी तिथं गुडघाभर बुटांत उभी होते. तो पट्टा खोलगट. बर्फ वितळलं आणि पाणी बारा दिवस साचून राहिलं. माझा चारशे अठरा तिथं पिवळा पडला. शेजारीच त्सेनोवचा तीनशे सहा त्याच पाण्यात हिरवागार उभा होता. तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी स्वतःशीसुद्धा ते कबूल केलं नव्हतं. आपला तो बाब्या. माझ्या गव्हाला साचलेली ओल सोसत नाही. हा त्याचा दोष होता, अकरा वर्षांत मला काढता न आलेला. चार पट्टे करतात ते याच्याचसाठी. उद्या ज्याचं रान खोलगट आहे त्यानं माझं नाव वाचून हा गहू पेरला असता आणि मार्चमध्ये पिवळं शेत बघून मला शिव्या दिल्या असत्या. बरोबरच दिल्या असत्या.

"उंदीर नव्हते," मी म्हटलं.

"सेवदाताई, नीट विचार कर."

"माझ्या वाफ्यात उंदीर नव्हता, कॉम्रेड केहायोव. आत्ता या खोलीत एक आहे, तो वहीत मांडायचा असेल तर मांडते."

बाहेर कलिंगड फोडायचा आवाज थांबला. तो उठून उभा राहिला. सगळा गोडवा एका क्षणात उतरला.

"मग लिही," तो म्हणाला. "सगळं लिही. आणि तो शेवटचा रकाना आहे ना, वगळण्याचं कारण? तोही स्वतःच्या हातानं भर. बघू दे मला."

त्याला वाटलं मी तिथं मोडेन. आणि मोडलेच असते, तो समोर उभा नसता तर. मी चारही वाफ्यांचे आकडे लिहिले. पहिला क्रमांक, तीनशे सहा, पैदासकार त्सेनोव. दुसरा, चारशे अठरा. वगळला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: साचलेली ओल सोसत नाही. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

मग मी वही त्याच्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"सहावा, पोबेदा," मी म्हटलं. "ज्याचा वाण त्यानं कारण लिहायचं. मी माझं लिहिलं, तुम्ही तुमचं लिहा."

त्यानं पेन घेतलं नाही. खिडकीत आता तिघांची डोकी होती. गांचोच्या हनुवटीवरून कलिंगडाचं पाणी गळत होतं आणि तो ते पुसायचंही विसरला होता. मी हात तसाच पुढे धरून उभी. पहाटेपासून विळा धरलेला तो हात मी खाली घेतला नाही. आवारात मोटारीचा हॉर्न वाजला.

केहायोवनं पेन घेतलं. वाकून लिहिलं, माझ्याकडे न बघता वही माझ्या हातात दिली आणि पाहुण्यांना भेटायला बाहेर गेला.

दोनच शब्द होते. उत्पादन कमी.

मोटार वही घेऊन गेल्यावर मी गोदामातून चारशे अठराची पोती काढली. गांचो उचलू लागला, तर मी त्याला हात लावू दिला नाही. खांद्यावर एकेक करून कोंबड्यांच्या शेडपर्यंत नेली आणि तोंड सोडून ओतली. रडले. चांगली हुंदके देऊन रडले, लाज कसली त्यात. रुसा मावशी शेजारी उभी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. फक्त एक दाणा उचलून दाताखाली फोडला.

"गहू चांगला होता गं," ती म्हणाली.

"चांगला होता," मी म्हटलं. "दुसरा आला."